खरं

खोका आला तेव्हा आतला बर्फ
कोगनोळी नाक्याच्या अलीकडंच पाणी झालेला.
पत्त्यात एकदा बेळगाव, एकदा बेळगावी,
पिनकोड तेवढा एकच.
आत पेराएवढी कुपी
आणि तळाला, उजेडाकडं धरली तर,
झाडून काढलेल्या रांगोळीची उरते तेवढी पूड.

सतरा मणी, यंत्रानं ओवलेले.
कुणाच्या पोटात घडलेलं नाही हे,
खरं एका प्रथिनाचा एवढा तुकडा
याला तोंडपाठ आहे.
ते प्रथिन वारेच्या पेशींना सांगतं,
सुट्या राहू नका गं,
एकमेकींत विरघळा, एकच अंगरखा व्हा,
आईकडचं बाळाकडं झिरपू द्या.

(आम्ही बेळगावचे 'पण'ला 'खरं' म्हणतो.
परिषदेत पुण्याच्या एक बाई हसल्या होत्या:
"जेवले, खरं भूक आहे? म्हणजे नक्की काय?")

वार आणायला सिव्हिलला मी जाते.
शिवलीला सिस्टर ट्रेकडं हनुवटी करते,
"मासु तगोंड होगरी, लगू."
कन्नडात वारेला मासु म्हणतात.
आणि रंग उतरतो, लुगडं विटतं, तेही मासु.
हे मला वडगावात, मागावरून न उठता,
शेजारच्या नीलव्वानं सांगितलेलं.

त्या दिवशीची वार जांबोटीकडच्या बाईची.
बीपी चढलेलं, सातवा सरत आलेला,
बाळ काचेच्या पेटीत, मुठीत मावेल असं.
अंगठा उठवताना म्हणाली,
"ते पुरायचं असतंय. तुम्ही काय करताय त्याचं?"
नखाएवढं घेते, म्हटलं, बाकीचं परत.
"बरं. काय दिसलं तर सांगा."

दोन वर्षं आम्हाला दोन रेघा दिसत होत्या.
वरची फिकट, असावी तिथं असलेली.
खालची ठसठशीत, कुणी न पाहिलेली.
तिला मी मनात नाव ठेवलं होतं.
हुबळीच्या पोस्टरवर तिच्याकडं लाल बाण होता,
मुनवळ्ळी मॅडमनी तिच्यासाठी पहिल्यांदा
सगळ्या लॅबला कुंदा वाटला होता.

आता दोन नळ्या.
एकीत नुसती अँटिबॉडी.
दुसरीत अँटिबॉडी आणि ही पूड, पाण्यात विरघळवून, हात सैल सोडून.
म्हणजे जिनं शोधायला निघायचं
तिची ओंजळ आधीच भरलेली.
रात्रभर चार डिग्रीवर.
अकराला लाइट गेली, जनरेटर खोकला, लागला.
मी स्टुलावर बसून फ्रिजचा आवाज मोजत होते.

सकाळी दोन पट्ट्या शेजारी शेजारी.
पहिलीवर दोन्ही रेघा.
दुसरीवर वरची नाही.
जागा कोरी, पुसल्यासारखी. मासु.
आणि खालची?
तशीच. काळीभोर. जागची हललेली नाही.

मॅडमनी चष्मा काढला, परत घातला.
कुणी काही बोललं नाही.
नियम साधा आहे, पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच शिकवते:
गेली ती आपली.
राहिली ती कुणाची कोण,
उगाच चिकटलेली.

संध्याकाळी मी पोस्टरची गुंडाळी कपाटामागं सारली.
लाल बाण आतल्या बाजूला गेला.
फिकटकडं मग पुन्हा एकदा पाहिलं.
जांबोटीच्या नखाएवढ्या तुकड्यात
ती आणखीच फिकट होती,
हाक मारून थकलेल्या माणसासारखी.
दोन वर्षं तिच्यावरनं माझी नजर
घसरून खाली जात होती.

शनिवारी सिव्हिलच्या जिन्यात ती भेटली.
पेटीतलं पोर आता मिटक्या मारतंय म्हणे.
वार तिच्या नवऱ्यानं दाराशी पुरली, वर चपटा दगड ठेवला.
"दिसलं काय बाई?"

मी कठड्याला हात टेकला.
खालून फिनेलचा वास, कुणीतरी कुणाला
दोन भाषांत एकदम ओरडत होतं.

दिसलं, म्हटलं.
दिसलं, खरं